पोहरा विहिरीत, गळ कोणाकडे?

विहिरीत पोहरा पडला की पूर्वी आळीत एकच प्रश्न विचारला जाई: गळ कोणाकडे आहे? लोखंडी आकड्यांचा तो जुडगा दर घरी नसे, पण आळीत एखाद्या घरी हमखास असे. पोरगं धावत जाऊन तो मागून आणी, दोर सोडला जाई आणि पाच-दहा प्रयत्नांत पोहरा वर येई. गळच मिळाला नाही, तर विहिरीत दोन हात पाण्याखाली असलेला चांगला पोहरा गेल्यात जमा व्हायचा.

संगणकाच्या मदरबोर्डवरचा बायोस अपडेट करताना अर्धवट राहिला की हीच गत होते. संगणक सुरू करणारा पहिला प्रोग्राम पुसला गेलेला असतो, आणि तो परत लिहायचा तर संगणक सुरू हवा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. दुकानदार म्हणतो, ‘बायोस उडाला.’ त्यापुढे तो काय म्हणतो, यावर त्या बोर्डाचं आयुष्य ठरतं. ‘उद्या या, मारून देतो’, म्हणजे परत लिहून देतो, म्हणाला तर बोर्ड जगला. ‘बोर्ड डेड आहे, नवा टाका’ म्हणाला तर पाच हजारांपासून पुढे कितीही.

सिल्वासात हा प्रश्न घरगुती लॅपटॉपपुरता राहत नाही. दादरा आणि नगर हवेलीचं हे मुख्य ठाणं दमणगंगेच्या काठी, वापी स्टेशनपासून पंधरा-अठरा किलोमीटरवर. पिपरिया, मसाट, खडोलीच्या औद्योगिक वसाहतींमुळे आणि करसवलतींच्या काळात आलेल्या कारखान्यांमुळे इथं पॉलिस्टर यार्न टेक्स्चरायझिंगपासून प्लास्टिकपर्यंत नाना उद्योग उभे राहिले. अशा कारखान्यांत ऑफिसातल्या नव्या संगणकांबरोबर यंत्राला जोडलेले जुने संगणकही असतात. त्यांचा बोर्ड बाजारातून कधीच गेलेला असतो, आणि त्यावरचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर, त्याच पोर्टवर लावलेल्या डोंगलसह चालतं. असा बोर्ड ‘नवा टाका’ म्हटल्यानं मिळत नाही. म्हणून उडालेला बायोस परत आणण्याच्या साऱ्या वाटा एकदा नीट मांडून बघायला हव्यात: कुठली वाट कुठवर नेते, कुठं अडते, आणि आपल्यापासून किती लांब आहे.

आठ पायांची विहीर

आजच्या बहुतेक बोर्डांवर बायोस एका आठ पायांच्या चिपमध्ये असतो. तिला एसपीआय फ्लॅश म्हणतात. करंगळीच्या नखापेक्षाही लहान, अंगावर बारीक अक्षरांत नंबर: विनबाँड कंपनीची असेल तर पंचवीस-क्यू-चौसष्ट किंवा पंचवीस-क्यू-एकशेअठ्ठावीस. हे आकडे मेगाबिटचे. आठानं भागले की ८ किंवा १६ मेगाबाइट. अलीकडच्या बोर्डांवर ३२ मेगाबाइटही सर्रास दिसतात. जुन्या बोर्डांवर बत्तीस पायांची चौकोनी चिप असे, आणि ती बहुधा खाच्यात बसवलेली असल्यानं चिमट्यानं उपटून काढता येई. आता डेस्कटॉपच्या थोड्या बोर्डांवरच खाचा उरलाय. लॅपटॉपमध्ये चिप थेट डागलेली असते.

या चिपमध्ये फक्त बायोस आहे असं समजणं ही दुरुस्तीतली पहिली चूक. इंटेलच्या बोर्डांवर चिपचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीच्या ४ किलोबाइटमध्ये डिस्क्रिप्टर, म्हणजे कुठला भाग कुठून कुठपर्यंत आणि तो कोणी वाचावा-लिहावा याचा सातबारा. त्याखेरीज मॅनेजमेंट इंजिनाचा, म्हणजे प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या इंटेलच्या नियंत्रकाचा भाग, अनेक बोर्डांवर नेटवर्क कार्डाचा छोटा भाग, ज्यात त्या यंत्राचा मॅक पत्ता असतो, आणि मग खुद्द बायोस. बायोसच्या भागातच यंत्राचा सिरियल नंबर आणि ओळखक्रमांक असतात. विंडोज ८ नंतरच्या तयार लॅपटॉपमध्ये विंडोजची किल्लीही तिथंच. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमधल्या चिपा जुळ्या भावंडांसारख्या असतात: दिसायला सारख्या, पण आधार कार्ड वेगळं. एकाची फाइल दुसऱ्याला जशीच्या तशी मारली, तर यंत्र सुरू होईल, पण दुसऱ्याच्या नावानं.

शिलालेखापासून पाटीपर्यंत

बायोस उडणं हा रोग मुळात कसा आला? १९८१ साली आयबीएमनं पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याचा बायोस रॉममध्ये होता. कारखान्यात एकदा कोरला की संपलं, शिलालेखच तो. चूक निघाली तर चिप बदला. मग ईपीरॉम आले. त्यांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे; अतिनील दिव्याखाली काही मिनिटं ठेवलं की मजकूर पुसला जाई आणि प्रोग्रामरवर लावून नवा लिहिता येई. खिडकीवर कागदी स्टिकर चिकटवलेला असे, तो उजेड आत जाऊ नये म्हणून. या काळात बायोस चुकून उडण्याची सोयच नव्हती.

तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला, आणि १९९० च्या दशकात ती बायोससाठी रूढ झाली. आता चिप न काढता, बोर्ड चालू असताना, फ्लॉपीवरच्या फाइलनं बायोस बदलता येऊ लागला. शिलालेखाची पाटी झाली. पाटीवर लिहिता येतं, तसं ती पुसताही येते. चिप बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. इंटेलच्या त्या वेळच्या एका प्रसिद्ध १२८ किलोबाइटच्या चिपमध्ये ८ किलोबाइटचा बूट ब्लॉक वेगळा, कुलूपबंद ठेवलेला होता. बाकीचं सगळं पुसलं गेलं, तरी तेवढ्यावर फ्लॉपी वाचून बायोस परत लिहिता यावा हा हेतू. गळाची सोय पहिल्या दिवसापासून केलेली होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तरी पाटी पुसणारे आलेच. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच विषाणू १९९८ मध्ये पसरला आणि २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर फुटला. चेर्नोबिल दुर्घटनेचा तो स्मृतिदिन, म्हणून त्याचं दुसरं नाव चेर्नोबिल. तो हार्डडिस्कच्या सुरुवातीचा भाग शून्यांनी भरायचा आणि इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर बायोसही पुसू शकायचा. सॉफ्टवेअरनं हार्डवेअर ‘मारता’ येतं, हे लोकांना त्या दिवशी कळलं. खरं तर हार्डवेअर मेलंच नव्हतं. चिप परत लिहिली की बोर्ड उठून बसत होता. पण बाहेरून लिहिण्याचं साधन फार थोड्यांकडे असल्यानं कितीतरी बोर्ड भंगारात गेले असणार. गळ लांब असला की पोहरा फुटका ठरतो, हा या विषयातला जुनाच नियम.

पोहरा पडतो कसा

लोकांच्या डोक्यात एकच कारण पक्कं असतं: अपडेट चालू असताना वीज गेली. कारण खरं आहे, विशेषतः वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या सिल्वासाच्या पट्ट्यात. पण ते एकटं नाही.

चुकीची फाइल हे तितकंच मोठं कारण. बोर्डाच्या नावापुढे ‘रिव्हिजन एक’ आणि ‘रिव्हिजन दोन’ लिहिलेलं असतं, आपण नाव बघतो आणि आवृत्ती बघत नाही. आजची अपडेट साधनं फाइलची सही आणि मॉडेल तपासून चुकीची फाइल नाकारतात. जुनी किंवा सक्तीनं चालवलेली साधनं नाकारत नाहीत. तिसरं कारण म्हणजे चालू विंडोजमधून अपडेट करणं: पाठीमागे अँटिव्हायरस, दहा प्रोग्राम, आणि मध्येच काहीतरी अडकतं. चौथं, खराब पेनड्राइव्ह.

पाचवं कारण ध्यानीमनी नसतं. २०१७ च्या अखेरीस उबुंटू लिनक्सची १७.१० ही आवृत्ती डाउनलोडवरून काढून घ्यावी लागली, कारण तिच्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवो आणि इतर काही लॅपटॉपांवर बायोसच्या सेटिंग्ज जतन होईनात आणि यूएसबीवरून बूट करणंही बंद पडलं. त्या लोकांनी बायोस अपडेट केलाच नव्हता. २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपांवर लिनक्स सुरू करताच बोर्ड कायमचे मूक झाले होते. चिप लिहिण्याचा दरवाजा ऑपरेटिंग सिस्टमला उघडा ठेवला की चूक कुठूनही आत येते.

आधी विहिरीत वाकून बघा

दुरुस्तीचा आढावा घेताना अनुभवी कारागीर जे पहिलं करतो तेच पहिलं सांगायला हवं: तो थांबतो. बायोस बदलल्यावर बोर्ड स्मृतीची नव्यानं जुळणी करतो. डीडीआर५ स्मृतीच्या बोर्डांवर या पहिल्या सुरुवातीला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. घाबरून बटण दाबून ठेवणारा माणूस चांगल्या अपडेटचा स्वतःच्या हातानं घात करतो.

मग सोपे उपाय. वीज पूर्ण काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा, बोर्डावरचा तीन व्होल्टचा नाणेसेल काढा, सीमॉस क्लिअरचा जंपर लावा, एकच रॅम ठेवून बघा. सेटिंग्ज नव्या बायोसशी न जुळल्यामुळे अडलेला बोर्ड एवढ्यानं सुटतो. तरीही काही नाही, तर खुणा बघायच्या: पंखा फिरतो पण बीप नाही, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा बटण दाबूनही बदलत नाही, डेस्कटॉपवर सुरुवातीचे टप्पे आकड्यांत दाखवणारं डीबग कार्ड लावलं तर आकडा शून्यशून्यावर किंवा एफएफवर अडकलेला. अशा खुणा जमल्या, आणि हे सगळं अपडेटनंतर लगेच झालं असेल, तर पोहरा विहिरीतच आहे. नसेल, तर दोष वीजपुरवठ्याचा, शॉर्टचा किंवा प्रोसेसरचा असू शकतो, आणि बायोस मारून काहीही होणार नाही. दुकानांत उलटंही घडतं: बोर्डात शॉर्ट असतो आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की बायोस उडालाय.

बोर्डालाच बांधलेला गळ

सर्वांत जवळचा गळ निर्मात्यानंच दिलेला असतो, आणि तो आपल्याकडे आहे हे मालकाला ठाऊक नसतं.

यातला जुना प्रकार बूट ब्लॉकचा. अवॉर्डचा बायोस असेल तर तो फ्लॉपी शोधायचा. एएमआयचा असेल तर ठरावीक नावाची फाइल ठेवून कंट्रोल आणि होम दाबायचं. फिनिक्सच्या लॅपटॉपांसाठी ‘क्रायसिस’ डिस्क बनवायची. आज याच कल्पनेचे वारस आहेत. एचपीच्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवर दाबलं, की यंत्र पेनड्राइव्हवर किंवा डिस्कच्या राखीव भागात ठेवलेला बायोस शोधतं. डेलच्या नव्या लॅपटॉपांवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडला की रिकव्हरीचा पडदा येतो. या सगळ्यांची मर्यादा एकच: बूट ब्लॉक शाबूत हवा. तोच पुसला गेला तर हाक ऐकायलाही कोणी उरत नाही.

दुसरा प्रकार दोन चिपांचा. गिगाबाइटनं नव्वदीच्या अखेरीस ड्युअल बायोस आणला: एक चिप रोजची, दुसरी राखीव, पहिली बिघडली की दुसरीवरून उठायचं आणि पहिली दुरुस्त करायची. कल्पना निर्दोष आहे, तिचा प्रत्यय मात्र मॉडेलप्रमाणे बदलतो. राखीव चिपमध्ये मूळचा जुना बायोस असतो. मधल्या काळात नवा प्रोसेसर बसवला असेल तर तो जुना बायोस त्याला ओळखतच नाही.

तिसरा प्रकार सर्वांत चांगला. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. एएसरॉकच्याही काही बोर्डांवर तो आहे. इथं बोर्डावर वेगळा छोटा नियंत्रक असतो, जो प्रोसेसर, रॅम, पडदा यांपैकी कशाचीही वाट न बघता पेनड्राइव्हवरची फाइल थेट चिपमध्ये लिहितो. बोर्डाला फक्त पॉवर सप्लाय जोडलेला हवा. चिप कोरी असली तरी हे चालतं. पोहरा पडला तरी गळ विहिरीच्या काठालाच लटकवलेला. अटी थोड्याच, आणि बहुतेक अपयश त्यांतच असतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा आणि फाइलचं नाव कंपनी सांगते तेच हवं. गिगाबाइटसाठी ‘गिगाबाइट डॉट बिन’, एमएसआयसाठी ‘एमएसआय डॉट रॉम’, एएसरॉकसाठी ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’. असूसमध्ये नाव मॉडेलप्रमाणे बदलतं आणि ते बदलून देणारा छोटा प्रोग्राम फाइलसोबतच येतो. पेनड्राइव्ह पाठीमागच्या खुणेच्या खाच्यातच लावायचा. शेजारच्या खाच्यात लावला तर काहीच होत नाही.

वाईट गोष्ट ही, की ही सोय महागड्या डेस्कटॉप बोर्डांवर आधी आली, स्वस्त बोर्डांवर आजही अनेकदा नसते आणि लॅपटॉपवर जवळपास नसतेच. ज्याला दुसरा बोर्ड घेणं परवडतं, त्यालाच पहिला वाचवायचं बटण मिळतं.

टेबलावरचा गळ

घरचा गळ नसला की आळीतला शोधायचा. तो म्हणजे प्रोग्रामर. यूएसबीला लावायचं छोटं उपकरण. त्यातलं सीएच३४१ए नावाचं काही शे रुपयांत मिळतं आणि गावोगावच्या चिप लेव्हल रिपेअरिंगवाल्यांच्या टेबलावर ते दिसतं. संगणकावर फ्लॅशरॉम किंवा अ‍ॅसप्रोग्रामरसारखा मोफत प्रोग्राम, आणि चिपच्या आठ पायांना धरणारी क्लिप.

काम ऐकायला सोपं आहे. बोर्डाची सगळी वीज आणि सेल काढायचा, चिपवरच्या ठिपक्यानं पहिला पाय ओळखायचा, क्लिपची लाल तार त्याच बाजूला येईल अशी लावायची, वाचायचं, पुसायचं, लिहायचं, पडताळायचं. कसब या चार शब्दांच्या मधल्या जागांत आहे.

पहिली जागा व्होल्टेजची. बहुतेक चिपा ३.३ व्होल्टवर चालतात. अनेक लॅपटॉपांतल्या १.८ व्होल्टच्या असतात, आणि त्यांना मधे वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. नंबर न वाचता क्लिप लावली तर दुरुस्तीच मारक ठरते. शिवाय सीएच३४१ए च्या प्रचलित काळ्या आवृत्तीत चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते, पण संकेतांच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. जुन्या चिपा ते सोसतात, सगळ्या सोसतील अशी हमी नाही. जाणकार ती दुरुस्त करून वापरतात किंवा दुसरा प्रोग्रामर घेतात.

दुसरी जागा वाचनाची. बिघडलेला असला तरी चिपमधला मजकूर आधी जपून ठेवायचा, तोही दोनदा वाचून आणि दोन्ही फाइली सारख्या आहेत का ते ताडून. सारख्या नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही किंवा बोर्डावरचे बाकीचे भाग वीज ओढताहेत. मग हॉट एअरनं चिप काढून वाचावी लागते. बिघडलेल्या मजकुरात सिरियल नंबर, मॅक पत्ता, विंडोजची किल्ली बहुधा शाबूत असतात. घाईत आधी पुसणारा कारागीर यंत्र जिवंत करतो आणि त्याची ओळख घालवतो.

तिसरी जागा फाइलची, आणि खरी गोम इथं आहे. डेस्कटॉप बोर्डांच्या कंपन्या बहुधा पूर्ण चिपएवढी फाइल देतात. लॅपटॉपच्या कंपन्या अपडेटची फाइल देतात, तिच्यात अनेकदा फक्त बायोसचा भाग, तोही वेष्टनात गुंडाळलेला असतो. डिस्क्रिप्टर आणि मॅनेजमेंट इंजिन त्यात नसतं. म्हणून कारागीर एकमेकांकडून त्याच मॉडेलची पूर्ण ‘बिन फाइल’ मिळवतात. ती दुसऱ्या यंत्रातून काढलेली असते. त्यात आपला ओळखीचा मजकूर परत बसवावा लागतो आणि मॅनेजमेंट इंजिनाचा भाग कोरा करून घ्यावा लागतो. हे राहिलं तर यंत्र उठतं, पण पंखा सतत जोरात फिरतो, किंवा अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतं. गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, दुरुस्ती टिकली नाही. दुरुस्ती टिकली होती, फक्त अर्धी झाली होती.

चौथी जागा कुलुपाची. इंटेलनं चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ च्या सुमारास, बूट गार्ड आणलं. निर्मात्याच्या सहीची खूण चिपसेटमध्ये कायमची जाळलेली असते आणि सही न जुळणारा बायोस चालतच नाही. कंपनीचा मूळ मजकूर परत लिहिणाऱ्याला हे कुलूप आडवं येत नाही. हातानं बदल केलेल्याला येतं. शिवाय अनेक लॅपटॉपांत कीबोर्ड, बॅटरी, पंखा सांभाळणाऱ्या एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअर वेगळं असतं. तेही उडालं असेल तर मुख्य चिप कितीही नीट लिहा, पॉवरचं बटण दाबून काही होत नाही.

जुन्या काळचा एक धाडसी उपायही नोंदवायला हवा. खाच्यातल्या चिपांच्या दिवसांत लोक तसाच चांगला बोर्ड सुरू करत, तो चालू असतानाच त्याची चिप उपटत, बिघडलेली चिप बसवत आणि तिच्यावर बायोस लिहीत. हात थरथरला की दोन बोर्ड जात. आज प्रोग्रामर इतका स्वस्त झालाय, की या साहसाचं समर्थन उरलेलं नाही.

पिपरिया ते लॅमिंग्टन रोड

आता अंतराकडे येऊ. सिल्वासातल्या माणसासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, वापीहून रेल्वेनं तीनेक तासांवर. तिथं बायोस मारणं हे केस कापण्याइतकं रोजचं काम. वापी, सुरतेतही करणारे आहेत. पण लॅपटॉप दुकानात देणं, दुकानदारानं तो पुढं पाठवणं, तिथून परत येणं, यात आठवडा सहज जातो. चिप लिहिण्याचं काम काही मिनिटांचं. बाकी सगळा प्रवास. कारखान्यात यंत्र थांबलेलं असेल तर आठवड्याचा तोटा बोर्डाच्या किमतीला कुठच्या कुठं मागं टाकतो.

म्हणून कारखान्यांसाठी उपाय दुरुस्तीपेक्षा आधीचा आहे. जुना पण चालू संगणक असेल, तर तो चालू असतानाच एकदा त्याच्या चिपची पूर्ण प्रत वाचून, नाव आणि तारीख घालून दोन ठिकाणी ठेवावी. खाच्यातली चिप असेल तर दुसरी चिप लिहून पिशवीत, कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवावी. हार्डडिस्कची प्रत ठेवणारे पुष्कळ असतात. बायोसची ठेवणारे बोटावर मोजण्याइतके.

गावासाठी उपाय त्याहून सोपा वाटतो. सिल्वासात आयटीआय आहे, आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे; हे कराड साताऱ्याचं नव्हे, इथलंच. अशा संस्थेच्या प्रयोगशाळेत चांगला प्रोग्रामर, १.८ व्होल्टचा अडॅप्टर, हॉट एअर स्टेशन आणि जपलेल्या फाइलींचं कपाट असावं, आणि विद्यार्थ्यांनी भंगारातल्या बोर्डांवर हात बसवावा. महागडं यातलं काहीच नाही. ‘डेड’ म्हणून टाकलेले बोर्ड सरावाला मिळतील, आणि त्यातले काही उठून बसतील.

कायद्याची बाजूही इथं येते. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांचा रोख जुनी उपकरणं गोळा करून त्यांचं पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याकडे. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. या चर्चेत सुटे भाग येतात, मॅन्युअल येतात. माझ्या मते त्या यादीत आणखी एक ओळ हवी: प्रत्येक मॉडेलची पूर्ण, मूळ बायोस फाइल. तिच्याशिवाय सुटे भाग मिळूनही लॅपटॉप जिवंत होत नाही, आणि कारागिरानं ती कुठून कुठून मागून आणणं चालूच राहतं.

हात लावावा की लावू नये

दुकानांतलं जुनं शहाणपण सांगतं: चालतंय ना, मग हात लावू नका. दुसरीकडे कंपन्या सांगतात: अपडेट करा. दोघांकडेही पुरावे आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या आणि घाईनं बायोस निघाले. त्याच महिन्यात इंटेलला सांगावं लागलं, की हे अपडेट तूर्त लावू नका, यंत्रं आपोआप रीस्टार्ट होताहेत. हात न लावणाऱ्यांचा तो विजय होता. उलट २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत बिघाड निघाला, आणि उपाय बायोसमधूनच आला. आधी झालेलं नुकसान त्यानं भरून निघालं नाही, पुढचं टळलं. तिथं थांबणारे तोट्यात गेले. एएमडीच्या एएम४ बोर्डांवर नवा प्रोसेसर चालवायचा तर अपडेटशिवाय गत्यंतर नव्हतं. २०१८ मध्ये एएमडी त्यासाठी ग्राहकांना जुना प्रोसेसर उसना देत असे. आणि सुरू होताना सह्या तपासणाऱ्या सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागत असल्यानं, हा विषय ज्यांना कधी शिवला नाही त्यांच्याही दारात येणार आहे.

या पुराव्यांवरून निघणारा नियम साधा आहे. यंत्र एकटं, इंटरनेटशिवाय, एकच काम करत असेल तर हात लावू नका. ते जाळ्यात असेल, किंवा अपडेट ज्या दोषावर आहे तो दोष तुमच्याच यंत्रात असेल, तर लावा, पण तयारीनं: बोर्डाची आवृत्ती वाचून, फाइल निर्मात्याकडूनच घेऊन, विंडोजऐवजी बायोसच्या आतल्या साधनातून, यूपीएस किंवा भरलेल्या बॅटरीवर, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, तात्पुरता थांबवून आणि त्याची किल्ली कागदावर लिहून. शेवटच्या सूचनेकडे दुर्लक्ष होतं. बायोस नीट अपडेट होतो, पण विंडोज अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागतं आणि ती कोणाकडेच नसते.

पण तयारीचा पहिला प्रश्न यातला एकही नाही. तो अपडेटच्या आधी, आणि खरं तर बोर्ड विकत घेतानाच विचारायचा: हा पडला तर काढायचा कशानं? बोर्डाच्या पाठीमागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का? चिप खाच्यात आहे का? मॉडेलची पूर्ण फाइल कोण देतं? आपल्या गावात प्रोग्रामर कोणाच्या टेबलावर आहे? याची उत्तरं असलेल्या माणसाला अपडेटची भीती उरत नाही, कारण त्याला माहीत असतं की वाईटात वाईट काय होईल: एक संध्याकाळ वाया जाईल. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी अपडेटची हिरवी पट्टी नव्वद टक्क्यांवर थांबलेला प्रत्येक क्षण जुगार आहे.

आळीतला गळ ज्या घरी असे, तिथं तो पडवीच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल असा टांगलेला असे. मागायला आलेल्या पोराला तो कुठं आहे, हे विचारावंही लागत नसे.